कार्ड चालू आहे

हल्ली बँकेतून फोन येतात. पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते, मॅडम, तुमचं कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं तर आमची संरक्षण योजना आहे, वर्षाला अगदी थोडे पैसे. मी तिचं सगळं ऐकून घेते. मग सांगते की मला नको. ती विचारते, का नको, मॅडम? आणि इथे माझं डोकं फिरतं. दोन शब्द लागट बोलते आणि फोन ठेवून देते. त्या पोरीचा काय दोष, तिच्या पोटापाण्याचा धंदा आहे. पण का नको हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सांगते.

बोईसरला तारापूरच्या रस्त्यावर माझी खानावळ होती. सासर पामचं, माहेर सातपाटीचं. त्यामुळे तांदूळ सासरचा, मासळी माहेरची आणि जेवणारे सगळ्या हिंदुस्थानातले. कुणाचे हात पिवळे, कुणाचे निळे, ज्याच्या त्याच्या कारखान्यात जो रंग बनत असेल तसे. साबणाने घासून घासून जेवायला बसायचे तरी भातावर रंगाचं बोट उमटायचंच. मी सगळ्यांना दटावून वाढायची. मावशी तोंडाची फटकळ आहे पण हाताची सढळ आहे, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. पहिलं खरं होतं, दुसऱ्याचं मला माहीत नाही.

नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हा बोईसरला एक नवी बँक आली. काचेची खोली, आत थंड हवा आणि पैसे देणारं मशीन. दारात खाकीतला रखवालदार. लोक नुसते थंडावा खायला आत शिरायचे आणि रखवालदार त्यांना हिंदीतून हुसकावायचा. त्या बँकेचा एक विक्रेता माझ्याकडे जेवायला यायचा. टाय खांद्यावरून पाठीमागे टाकून आमटी ओरपायचा. कारखान्यातल्या बाबूंची खाती उघडून झाली तेव्हा त्याची नजर सातपाटीकडे गेली. पापलेट परदेशी जायला लागलं होतं, मोठे व्यापारी बोटवाल्यांना चेकने पैसे देत होते आणि ते चेक वटवायला बोटवाले पालघरला खेटे घालत होते. मावशी, तुमच्या माहेरी कुणी ओळखीचं आहे का, असं त्याने विचारलं. मी त्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी घेऊन गेले.

बहिणीचा नवरा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा प्रमुख. आडवातिडवा माणूस, शर्टाची बटणं कधी लावायचा नाही, हसला की शेजारच्या घरात कळायचं. बोट बापाच्या वेळची. त्याला एक धाकटा भाऊ होता, म्हणजे बहिणीचा दीर. कोळ्याच्या पोटी जन्माला आला आणि त्याला समुद्र लागायचा. बोट खाडीच्या तोंडापर्यंत गेली की हा ओकायला लागायचा. गाव हसून हसून बेजार, लग्नाला मुलगी कोण देणार म्हणून आई रडायची. थोरल्याने मात्र त्याची कधी टिंगल केली नाही. उलट कुणी केली तर हाणायला धावायचा. शेवटी धाकटा तारापूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. बोईसरला चाळीत खोली घेऊन राहायचा आणि दुपारचं माझ्याकडे जेवायचा. त्याचं ताट मी जरा भरूनच वाढायची.

तर त्या दिवशी विक्रेत्याने ओटीवर बसून सगळं समजावलं. खातं नवरा-बायकोचं, कार्ड नवऱ्याचं. वर ही संरक्षण योजना. कार्ड हरवलं, चोरीला गेलं, की लगेच बँकेत येऊन सांगायचं. कार्ड तिथल्या तिथे बंद, आणि मधल्या काळात कुणी पैसे काढले असतील तर ते परत. मेव्हणा हसायला लागला. म्हणाला, माझं कार्ड पाण्यात पडलं तर? विक्रेता म्हणाला, तेही हरवलं म्हणूनच धरतात. मेव्हण्याचं मत पडलं की हे फुकटचं लचांड आहे. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, आजवर तुझी दोन घड्याळं आणि लग्नातली अंगठी त्या पाण्यात गेली, कार्ड किती दिवस टिकणार आहे? घे गुमान. माझ्या तोंडाला कंटाळून त्याने सही केली.

मशीनवर दाबायचा गुप्त आकडा असतो. विसरणार नाही असा निवडा, असं विक्रेत्याने सांगितलं होतं. या पठ्ठ्याने बोटीचा नंबर निवडला. तोच, बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात हात-हात उंचीचा लिहिलेला. बंदरावरून दिसायचा, अख्ख्या गावाला पाठ. मी कपाळावर हात मारला. त्याने शांतपणे सांगितलं की नंबर ठाऊक असून काय करतील, कार्ड तर माझ्याकडे आहे.

दुसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमेला बोटी सुटल्या आणि भाद्रपद सरता सरता त्याची बोट त्याच्याशिवाय परत आली.

खलाशांनी सांगितलं ते एवढंच की बोटीखालच्या इंजिनाच्या पंख्यात दोर अडकला होता. तो सोडवायला तांडेल मागच्या बाजूने खाली वाकला, आणि एक लाट बोटीला आडवी लागली. त्यांनी वळवून वळवून शोधलं. दिसला नाही. बातमी बंदराला लागली तशा गावातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बोटी जाळी खाली उतरवून ठेवून शोधायला निघाल्या. कुणी कुणाला विचारलं नाही. डिझेल मात्र भरावं लागतं, आणि ते कुणी भरलं? त्या धाकट्याने. बोईसरहून धावत आला, एकेका बोटीला डिझेल दिलं आणि स्वतः पहिल्या बोटीत चढला. जन्मभर समुद्राला भ्यायलेला माणूस. ओकत होता, पाणी पीत होता, परत ओकत होता, पण खाली उतरला नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले की भाऊ असावा तर असा, चार पैसे गाठीला बांधले ते सगळे भावाच्या शोधाला लावले. डोळ्यांत पाणी आणून सांगत होते मी.

काही मिळालं नाही. बोटी एक एक करून परत आल्या.

माझी बहीण रडली नाही. आमच्या गावात फार वर्षांपूर्वी एक माणूस असाच गेला होता. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, दर्भाचा पुतळा करून जाळला, दिवस घातले. प्रेत मिळालं नाही तर असाच पुतळा करून जाळतात. आणि एका सकाळी तो माणूस पालघरच्या एसटीतून उतरला. गुजरातच्या कुठल्याशा ट्रॉलरने त्याला उचललं होतं आणि लांबच्या बंदरात नेऊन सोडलं होतं. तेव्हापासून सातपाटीत समुद्रात गेलेल्याच्या बायकोच्या बांगड्यांना कुणी घाईने हात लावत नाही. जोवर पुतळा जाळला नाही तोवर तो माणूस आहे, असंच धरतात. बहीण ओटीवर बसून बंदराकडे बघायची. कुंकू लावायची, डाळभात शिजवायची आणि त्याचं ताट झाकून ठेवायची.

मला त्या कार्डाची आठवण झाली. त्याचा टिनचा डबा बोटीतून परत आला होता. त्यात विड्या होत्या, कंगवा होता, देवाचा अंगारा होता. कार्ड नव्हतं. म्हणजे ते त्याच्या खिशात गेलं. मी ठरवलं की निदान एवढं तरी नीट करायचं. पैसे भरलेत योजनेचे, जाऊन सांगू या की हरवलं, बंद करा. उद्या ते कुठे किनाऱ्याला लागलं, कुणाच्या हाती पडलं, तर माझी बहीण होत्याची नव्हती व्हायची. पापलेटाचे दोन हंगाम त्या खात्यात होते. ती यायला तयार नव्हती. मी जबरदस्ती केली, हाताला धरून एसटीत बसवली आणि बोईसरला आणली.

बँकेतला साहेब चांगला माणूस होता. त्याने कागद पुढे केला, कार्ड हरवलंय अशी सही करा म्हणाला. मग समोरच्या पडद्यावर बघून त्याने सहज विचारलं की हे नेमकं हरवलं कधी. मी सांगितलं. त्याने पडद्यावर परत बोट फिरवलं. म्हणाला, पण त्यानंतर यातून पैसे काढलेत. इथल्याच मशीनमधून.

बहिणीने मान वर केली.

‘आकडा बरोबर दाबला?’ तिने विचारलं.

साहेब म्हणाला, बरोबर दाबल्याशिवाय मशीन देत नाही.

तिचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. लग्नाच्या हळदीलासुद्धा ती अशी दिसली नव्हती. तिने पेन उचललं, साहेबाच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, ‘कार्ड बंद नाय करायचा. माजा माणूस काय खाईल मंग?’

साहेब माझ्याकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर ती त्या काचेच्या खोलीपाशी गेली आणि मशीनला तिने हात जोडले. रखवालदाराला वाटलं बाई खुळी आहे.

घरी गेल्या गेल्या मी बोललेच. तोंडाला कुलूप घालणं मला जमत नाही. म्हटलं, अगं, तो जिवंत आहे, बोईसरपर्यंत आला आहे, मशीनवर जाऊन पैसे काढतो आहे आणि दोन पावलं पुढे माझ्या खानावळीत येत नाही? आणि आकड्याचं काय घेऊन बसलीस, तो तर बोटीवर रंगवलेला आहे, शेंबडं पोर सांगेल. कुणाच्या तरी हाती कार्ड लागलंय, चोरलंय. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की डोक्याला मार लागला असेल, काही आठवत नसेल, बोटीचा नंबर तेवढा आठवत असेल. तो नंबर तो कसा विसरेल? मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. त्यावर ती उठून आत गेली आणि त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मला निरोप धाडला की बायला, म्हणजे थोरल्या बहिणीला, सांगा, माझ्या माणसाला चोर म्हणायचं असेल तर माझ्या दारी येऊ नको.

बोलली नाही, पण रोज माझ्या डोळ्यांसमोर बसायला लागली. आजवर ती पालघरच्या बाजारात मासळी विकायची. आता पाटी घेऊन बोईसरला यायची आणि त्या मशीनसमोर रस्त्याच्या कडेला बसायची. मासळीला जागा वाईट. ऊन तोंडावर, कारखान्यांचा वायू सुटला की डोळे झोंबायचे, माश्या घोंघावायच्या, आणि ज्या बायका मासळी घेणार त्या त्या रस्त्याने येतच नव्हत्या. रखवालदार हाकलायचा. तिने त्याला बोंबील देऊन फितवला. काचेच्या खोलीत जो जो माणूस शिरेल त्याची पाठ ती निरखून बघायची. रुंद पाठीचा कुणी आत गेला की पाटीवरचा हात तिथेच थांबायचा, गिऱ्हाईक भाव विचारून निघून जायचं. मी खानावळीच्या दारातून बघायची आणि आत येऊन कामवाल्या बायांवर ओरडायची.

दीर तेव्हा माझ्याकडे जेवायचा तो खाली मान घालून. मासळी सोडली होती त्याने. भाऊ समुद्रात गेला त्याच समुद्रातलं कसं खाऊ म्हणाला. मला पटलं. त्याला डाळ वाढायची.

मध्येच वैतरणेच्या खाडीला एक प्रेत लागलं. पोलिसांनी गावात कळवलं. बहिणीला घेऊन जायला माणसं आली तर ती म्हणाली, दुसऱ्याच्या मढ्याला मी कशाला बघू, माझ्या माणसाने पैसे काढलेत. शेवटी दीर गेला. संध्याकाळी परत आला, अंगणातल्या पिंपातून पाणी घेऊन डोक्यावर ओततच राहिला. आईने विचारलं. तो म्हणाला, दादा नव्हता तो. प्रेताचं कळून मी गेले होते, पण रस्त्यावरच उभी होते; बहिणीने मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, सांगत नव्हते मी?

मग एक दिवस बँकेतून ती जवळजवळ पळतच माझ्याकडे आली. भांडण विसरली. पुन्हा पैसे निघाले होते. या खेपेला वापीच्या मशीनमधून. तिच्या मनाने सगळी गोष्ट जुळवून टाकली. तो गुजरातच्या बोटीवर आहे, त्यांनी त्याला कामाला ठेवलाय, वापीला बाजाराला येतो आणि लागतील तेवढे काढतो. थोडेच काढतो बाय, बघ, कसा बेताने काढतोय, खात्यात माझ्यासाठी ठेवून काढतोय. आणि ती हसली. माझ्यासमोर किती दिवसांनी हसली ती. माझ्या डोक्यात हजार शंका होत्या, पण त्या हसण्यापुढे मी हात टेकले. मी तिला चहा दिला. खरं सांगते, त्या दिवशी घडीभर मलाही वाटलं की असेल, का नसेल?

त्यानंतर दर थोड्या दिवसांनी असंच. कधी वापी, कधी आणखी कुठे. पैसे निघाले की बहीण अंगावर नीट लुगडं नेसायची, केसांत फूल माळायची. नाही निघाले की सुकत जायची, जेवण सोडायची. घरात तिला कशाची कमी पडत नव्हती, कारण दीर रविवारी यायचा तो तांदूळ, तेल, आईचं औषध घेऊन यायचा. गावात त्याचं नाव झालं. समुद्राला भ्यायला तरी माणूस सोन्यासारखा, असं त्याला हसणारेच आता बोलायला लागले.

पुढचा पितृपक्ष जवळ आला तेव्हा घरात आग पेटली. सासू म्हातारी, तिला एकच घोर. पुतळा जाळला नाही, दिवस घातले नाहीत, तर पितरांच्या पंधरवड्यात पोराला घास कसा पोचणार? ती रोज ओटीवर बसून रडायची, माझा पोर तिकडे उपाशी आहे गं, त्याला कुणी पाणी देत नाही. आणि बहीण चुलीपुढून ओरडायची की उपाशी नाही तो, पैसे काढून खातोय, तुम्ही जित्या माणसाला जाळायला निघालात. सासवा-सुनांचं भांडण मी पुष्कळ बघितलंय. पण एकीने मुलगा मेलाय म्हणून भांडायचं आणि दुसरीने नवरा जिवंत आहे म्हणून, हे बघायची पाळी देवाने कुणावर आणू नये. दोघींचं खोटं नव्हतं. दोघींना त्याच्या पोटात अन्न जायला हवं होतं. दीर भिंतीला टेकून उभा असायचा. सासू त्याला म्हणायची, तू सांग हिला. तो आणलेलं औषध उचलून आत नेऊन ठेवायचा.

मधल्या काळात तो टायवाला विक्रेता एकदा जेवायला आला. त्याची बदली झाली होती, निरोप घ्यायला आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो कळवळला. म्हणाला, मावशी, अजूनही सांगा, चोरी म्हणून पोलिसांत नोंदवा, निदान अलीकडचे तरी पैसे मिळतील, योजना त्यासाठीच असते, तिचे पैसे तर यंदाही खात्यातून कापले गेलेत. मी हे बहिणीला सांगितलं. तिला त्यातलं एवढंच कळलं की योजना चालू आहे. योजना चालू म्हणजे कार्ड चालू. कार्ड चालू हाय म्हणजे माणूस हाय, असं तिचं गणित होतं, आणि ते तिने गावभर सांगितलं.

पितृपक्ष लागायच्या आदल्या आठवड्यात ती दुपारची माझ्या खानावळीत आली. जेवणाची गर्दी ओसरली होती. कोपऱ्यात दीर एकटाच जेवत बसला होता. बहिणीच्या हातात गाठोडं होतं. तिने ते टेबलावर सोडलं. मेव्हण्याचा धुतलेला शर्ट, वरची दोन बटणं नव्याने लावलेली. लेंगा. टॉवेल. आणि कागदात बांधलेली सुकट, करंदीची, त्याला आवडायची ती. म्हणाली, ‘बाय, वापीला जातेय. मशीनसमोर बसते. तो येईल तवर बसते. तू येतेस का सोबत? मला तिकडची गाडी नाय समजत.’

मी काय सांगणार होते? तिथे भाषा वेगळी, गाव केवढं, ही बाई रस्त्यावर बसणार, किती दिवस? मी तिला खाली बसवायला गेले. ती शर्टाची घडी परत नीट करत होती. म्हणत होती की अंगावरचा शर्ट आता फाटला असेल त्याचा.

दीर उठला. हात खरकटेच होते. टेबलापाशी आला, पँटच्या आतल्या खिशातून त्याने काहीतरी काढलं आणि त्या शर्टावर ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड होतं.

‘वैनी, वापीला नको जाऊ,’ तो म्हणाला. ‘तिकडं कोण नाय. मीच हाय.’

मग तो बोलत सुटला. त्या शेवटच्या खेपेला बोट सुटायच्या सकाळी थोरल्याने बंदरावर त्याच्या हातात कार्ड दिलं होतं. मी परत येईस्तोवर जाळ्याच्या दोराला पैसे काढून ठेव, असं सांगितलं होतं. बातमी आली तेव्हा कार्ड त्याच्याच खिशात होतं. त्याच पैशाने त्याने बोटींना डिझेल भरलं. स्वतःजवळ होतं काय त्याच्या? सांगायचंच होतं त्याला, शोध संपला की सांगणार होता. पण तो तोंड उघडायच्या आत वैनी बँकेतून परत आली ती हसत आली, गावभर सांगत आली की तो जिवंत आहे. भावाला शोधायला काढलेले पैसे, आणि त्यावरून भाऊ जिवंत ठरला. त्याची जीभच उचलेना. पुढे ठेकेदाराने त्याला कामावरून काढलं, तेही त्याने घरी सांगितलं नाही, माझ्याकडे डबा-पाण्याची वरकामं करून जेवत होता ते मी त्याच्या सुट्टीतली हौस समजत होते. घरात तांदूळ लागत होता. वैनी इथल्या मशीनसमोर बसायला लागली म्हणून तो वापीला जाऊन काढायला लागला. आणि न काढले तर वैनी जेवायची नाही. ते त्याला दिसत होतं.

मी त्याची कॉलर धरली. मला आवरलं नाही. वर्षभर या बाईला तू मशीनला हात जोडायला लावलेस, म्हटलं. आणि वैतरणेला काय बघितलंस? तो कोण होता?

‘ओळखायला काय उरलं नव्हतं,’ तो म्हणाला आणि खाली बसला.

मी बडबडत होते. पोलिसांत जाऊ, चोरी म्हणून लिहून देऊ, घरचा असला तरी चोर तो चोर, योजनेचे पैसे भरलेत आपण, ते परत घेऊ, याला आत बसवू. काय बोलत होते माझं मला कळत नव्हतं. रडत होते आणि बोलत होते. त्याच्या ताटातल्या भातावर माश्या बसल्या होत्या.

बहिणीचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिने ते कार्ड उचललं, प्लास्टिकमधून काढलं, पदराने पुसलं. उलटंसुलटं बघितलं. मग त्या शर्टाच्या खिशात घालून वरून हात फिरवला. दिराकडे बघितलं तर त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

‘खात्यात अजून हायेत ना थोडे?’ तिने त्याला विचारलं. ‘मंग आताच कशाला सांगितलंस?’